पाणी चढले, दवाखाना खालीच राहिला

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दवाखान्यांचा दुष्काळ आहे, असे कोणी म्हटले तर मिरजेचा माणूस हसेल. मिरजेच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी रुग्णालयांच्या पाट्या आहेत आणि उत्तर कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रुग्ण तेथे उपचारासाठी येतात. कऱ्हाडलाही हेच चित्र दिसते. परंतु त्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जत तालुक्यातील उमदीच्या बाजूच्या एखाद्या बाईचे बाळंतपण अडले, तर तिला मिरज गाठण्यासाठी शंभर किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे जी गावे राहिली, तेथील रुग्णाला आधी लाँचमध्ये घालावे लागते आणि मग रस्ता सुरू होतो. माण आणि खटावच्या माळावर रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की त्या पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत संपलेल्याच राहतात. तेव्हा या दोन जिल्ह्यांत जो दुष्काळ आहे तो दवाखान्यांचा नसून त्यांच्या वाटपाचा आहे.

या भागातील कार्यकर्त्यांना हा प्रश्न परका वाटू नये. पाण्याच्या बाबतीत तो त्यांनी एकदा विचारलेला आहे. कृष्णाकाठ उसाने हिरवा आणि वरचा माळ करपलेला, हे दृश्य निसर्गाने निर्माण केले नसून ते धोरणाचे फळ आहे, हे ओळखून खानापूर तालुक्यात तांदूळवाडी व बलवडी येथील शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण उभे केले. जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळाला पाहिजे, हे त्या धरणाचे तत्त्व होते. प्रतिसरकारचे लढवय्ये आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पिढीचे कार्यकर्ते पुढे एकाच मांडवात आले. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये आटपाडीत पाणी परिषद भरली आणि दुष्काळी तालुक्यांची समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी राहिली. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी शेकडो फूट वर चढवून दाखवले. पाणी वर चढू शकते, मग दवाखाना का चढत नाही? हा प्रश्न मात्र तितक्या निकराने विचारला गेला नाही.

दुष्काळी टापूत ना नफा तत्त्वावर एखादे आरोग्य केंद्र काढावे, ही कल्पना विधायक कार्याची आवड असलेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत वारंवार निघते. एखादा तरुण डॉक्टर तयार असतो, कोणी जुना वाडा देऊ करतो, मुंबईकर मंडळी वर्गणीचा शब्द देतात. कल्पनेतील सद्भाव निर्विवाद आहे. परंतु सद्भाव म्हणजे धोरण नव्हे. असे केंद्र कोणाचे, त्याचा पैसा कोणाचा आणि ते कोणाला जाब देणार, हे आधी ठरले नाही, तर काही वर्षांत ते एक तर बंद पडते किंवा ज्या दवाखान्यांना पर्याय म्हणून निघाले त्यांच्यासारखेच होऊन बसते. म्हणून पाया खणण्यापूर्वी या भूमीतला पूर्वानुभव तपासणे अगत्याचे आहे.

धर्मादायाची परंपरा

या परंपरेचा आरंभ मिरजेतच होतो. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने १८९४ मध्ये मिरज संस्थानात रुग्णालय उघडले. पुढे त्याला वैद्यकीय शिक्षणाची, कुष्ठरुग्णांच्या आणि क्षयरुग्णांच्या शुश्रूषेची जोड मिळाली. वॉन्लेसवाडी हे गावाचे नावच त्या कार्याची खूण आहे. साताऱ्यात वाईला मिशनचे रुग्णालय निघाले आणि पाचगणीला डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. शासन ज्या काळी खेड्यातल्या रुग्णाकडे ढुंकूनही पाहत नव्हते, त्या काळी या मंडळींनी अस्पृश्य आणि सवर्ण, सरदार आणि रयत यांना एकाच छपराखाली आणले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु या परंपरेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. रुग्ण दवाखान्याकडे येई, दवाखाना गावाकडे जात नसे. गावाचे पाणी, गावाचे शौचकूप, गावातल्या बाईचे पोटभर न मिळणारे अन्न हे विषय इमारतीच्या बाहेरचे राहिले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णालयाची सूत्रे दूरच्या मंडळाच्या हाती होती. परदेशातून येणारा पैसा आणि माणसे आटली, तेव्हा देशभरातील अनेक मिशन रुग्णालयांवर ओढग्रस्तीची पाळी आली. ज्यांच्यासाठी ती चालत होती त्या लोकांना ती वाचवण्याचा अधिकारही नव्हता आणि सवयही नव्हती. उपकृत माणूस कृतज्ञ राहतो, पण तो मालक होत नाही.

येथे एक विचित्र गोष्ट नजरेत भरते. याच कृष्णाकाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचा संकल्प केला आणि शाळा ही शेतकऱ्याच्या मूठभर धान्यावर उभी राहू शकते हे सिद्ध केले. याच भूमीत १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले. याच भूमीत सहकारी साखर कारखाने उभे राहिले. शाळा रयतेची झाली, न्याय रयतेचा झाला, कारखाना निदान कागदावर तरी रयतेचा झाला. दवाखाना तेवढा रयतेचा झाला नाही. याचे एक कारण आजाराच्या स्वभावात आहे. शाळेची गरज सर्वांना एकाच वेळी असते. आजार मात्र एकेका घराला एकटे गाठतो आणि घाबरलेला माणूस संघटित होत नाही, तो सावकाराकडे धावतो. दुसरे कारण सत्तेच्या स्वभावात आहे. १९८३ मध्ये सांगलीचेच सुपुत्र असलेल्या मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले गेले. सहकारातून आलेल्या नेतृत्वाने त्यानंतर मोठमोठी वैद्यकीय महाविद्यालये आणि त्यांना जोडून रुग्णालये उभी केली. त्यांतून काही गरिबांवर उपचार झाले, हे खरे आहे. परंतु धर्मादाय विश्वस्त निधी ही संज्ञा गावाच्या कल्याणाशी समानार्थी राहिली नाही, हेही तितकेच खरे आहे.

विश्वस्त संस्थेचा शिक्का म्हणजे सेवेची हमी नव्हे, हे अखेर न्यायालयालाच सांगावे लागले. धर्मादाय म्हणून सवलती घेणाऱ्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांसाठी बाजूला काढावी, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये लागू झाली. ज्यांनी स्वतःहून करावयाचे ते करण्यासाठी आदेश लागतो, यातच सर्व काही आले.

१९७७ चा धडा

धर्मादायाला पर्याय म्हणजे शासन, असे समाजवादी विचाराचा माणूस स्वाभाविकपणे म्हणेल. ते योग्यच आहे. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ मध्येच सांगितले होते. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, आणि अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा मापदंड आजही कागदावर आहे. शासकीय केंद्रात काही घडू शकत नाही, हा समजही खोटा आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने दगावणाऱ्या रुग्णांना वाचवणारी उपचारपद्धती तेथल्याच अनुभवातून शोधली आणि जगाने ती मानली. तेव्हा दोष सरकारी पाटीत नाही.

दोष कोठे आहे हे समजून घ्यायचे तर समाजवाद्यांना स्वतःच्याच इतिहासाचे एक पान उलटावे लागेल. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारात राजनारायण आरोग्यमंत्री होते. त्या वर्षी २ ऑक्टोबरला त्यांनी प्रत्येक हजार लोकसंख्येमागे गावातलाच एक आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, दरमहा ५० रुपये मानधन आणि सोबत औषधांची पेटी, असे तिचे स्वरूप होते. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती, ही त्यामागील कल्पना क्रांतिकारक होती. सर्वांसाठी आरोग्य हे ध्येय जगातील राष्ट्रांनी आल्मा आटा येथे जाहीर केले ते त्याच्या पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये.

तरीही योजना फसली. सेवक गावाने निवडायचा होता. बहुतेक ठिकाणी तो गावातल्या वजनदार मंडळींनी निवडला. बाळंतपण आणि बालसंगोपन हे कामाचे मुख्य अंग असताना निवडले गेले ते प्रामुख्याने पुरुष. प्रशिक्षण एकदाच झाले आणि त्यानंतर पाठराखण करणारे कोणी राहिले नाही. केंद्र आणि राज्ये यांच्यात खर्चाचा वाद सुरू झाला, नावे बदलत गेली आणि योजना गाजावाजा न होता विझली. ती विरोधकांनी पाडली असे म्हणून समाधान मानता येणार नाही. गाव म्हणजे एकजीव समाज आहे, या भाबड्या गृहीतकाने तिचा घात केला. डॉ. आंबेडकरांनी खेड्याविषयी दिलेला इशारा कानाआड केल्याची ती किंमत होती.

हीच कल्पना अन्यत्र फुलली, हे विशेष. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या स्त्रिया निवडल्या. त्यांतील अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्यांचे प्रशिक्षण एका शिबिरात संपले नाही. त्या नियमाने जामखेडला येत, आठवड्याचा अनुभव सांगत आणि नवे शिकून परत जात. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण खरा सन्मान त्या बायकांना गावाने दिलेल्या स्थानात होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सर्च ही संस्था स्थापन केली. तेथे गावातल्याच आरोग्यदूत स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली. ३९ गावांतल्या त्या प्रयोगाने तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवले आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगापुढे आले.

राजनारायणांचा सेवक आणि जामखेडची सेविका यांच्यातला फरक पैशाचा किंवा औषधांच्या पेटीचा नव्हता. निवड कोणाची झाली, ती कोणी केली आणि निवडीनंतर पाठीशी कोण उभे राहिले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत तो फरक होता.

पैशाबरोबर येणारी अट

ना नफा केंद्राचे चालक बहुतेकदा सर्वांत जास्त वेळ ज्या चिंतेत घालवतात ती चिंता रुग्णांची नसते, पैशाची असते. आणि पैसा कधीही मुका येत नाही. सांगलीइतका या गोष्टीचा बोलका दाखला दुसरीकडे सापडणे कठीण आहे. १९९२ मध्ये सांगलीत संग्राम या संस्थेने एड्स प्रतिबंधाचे काम गोकुळनगरातील वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर सुरू केले. बाहेरून उपदेश करणारे आणून बसवण्याऐवजी त्या स्त्रियांनीच एकमेकींना माहिती आणि निरोध पोचवावेत, ही त्या कामाची रीत होती. त्यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. रुग्ण म्हणून मोजल्या गेलेल्या स्त्रिया कार्यकर्त्या झाल्या.

२००३ मध्ये अमेरिकेने एड्ससाठी मोठी मदत जाहीर केली आणि तिला एक अट जोडली: मदत घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे लेखी द्यावे. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर काम उभे आहे, त्यांच्याच विरोधात शपथ घ्यावयाची! संग्रामने ती अट मानली नाही आणि २००५ मध्ये त्या निधीवर पाणी सोडले. तत्त्वासाठी तोटा सोसणे शक्य झाले याचे कारण असे की कामाचा कणा निधी नव्हता, संघटित स्त्रिया होत्या. ज्यांचा कणा निधी होता, अशा संस्थांचे काय झाले ते जगाने २०२५ मध्ये पाहिले. अमेरिकन शासनाने आपली परदेशी मदत एका फटक्यात आवरली आणि आफ्रिकेपासून आशियापर्यंत दवाखाने ओस पडले.

परदेशी पैशाच्या नावाने नाके मुरडणाऱ्या देशी शासनाचाही हेतू निर्मळ नाही. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने मोठ्या संस्थेने लहान संस्थेला पैसा देण्याची वाटच बंद केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. गावात राहून चिकाटीने काम करणाऱ्या लहान गटांना याचा फटका बसला. राहता राहिला कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. २०१३ च्या कायद्याने तो आला. त्यातून रुग्णवाहिका मिळते, तिच्यावर कंपनीचे नाव झळकते. परंतु ती वर्षानुवर्षे चालवणाऱ्या चालकाचा पगार आणि इंधन यांसाठी सहसा कोणी पुढे येत नाही. इमारतीला देणगीदार लाभतो, परिचारिकेच्या प्रॉव्हिडंट फंडाला लाभत नाही.

मग लोकवर्गणीचे काय? हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, दहा गावांची मिळून १५,००० वस्ती आहे आणि प्रत्येक माणसामागे महिना १० रुपये जमले. दरमहा दीड लाख, म्हणजे वर्षाचे १८ लाख होतात. दहा गावांतील दहा आरोग्यसेविकांना महिना चार हजार आणि दोन परिचारिकांना वीस-वीस हजार दिले तर ८० हजार जातात. उरलेल्या ७० हजारांत रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय यांची बिनब्रँडची औषधे आणि आठवड्यातून काही दिवस येणाऱ्या डॉक्टरचे मानधन बसवावे लागेल. औषधे रास्त भावात मिळू शकतात हे बडोद्याच्या लोकोस्ट संस्थेने १९८३ पासून दाखवले आहे. सेवाभावी दवाखान्यांसाठी ती स्वस्त आणि दर्जेदार औषधे पुरवत आली आहे.

हिशेब जुळला असे वाटते, पण त्यात एक खोट आहे आणि ती झाकता कामा नये. चार हजार हे वेतन नव्हे. त्यावर एका बाईचे घर चालत नाही. शिवाय ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी वर्गणी आटते आणि नेमके त्याच वर्षी आजार वाढतात. माणमधील मेंढपाळाने आणि कारखान्याच्या फडावर ऊस तोडणाऱ्या मजुराने सारखेच दहा रुपये द्यावेत आणि बागायतदारानेही दहाच द्यावेत, हा न्याय नव्हे. उसाच्या बिलातून नाना कारणांसाठी टनामागे कपात करण्याची रीत कारखान्यांना परिचित आहे. आठ लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने टनामागे एक रुपया काढला तरी आठ लाख होतात. खालच्या खोऱ्याने वरच्या माळाला पाणी द्यावे हे तत्त्व एकदा मान्य झाले आहे. दवाखाना द्यावा हे त्याच तत्त्वाचे पुढचे पाऊल आहे. परंतु हेही पुरणार नाही. लोकवर्गणीने दवाखान्याची मालकी लोकांकडे येते. दवाखान्याचा पूर्ण खर्च तिने भागत नाही. तो भार सार्वजनिक तिजोरीनेच उचलला पाहिजे. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात शासनाने स्वतःच दिले होते. ती मुदत उलटली, वचन पुरे झाले नाही.

ढाल की आघाडी?

येथे खरा धोका उभा राहतो. चांगले चाललेले सेवाभावी केंद्र हे निष्क्रिय शासनाची ढाल बनू शकते. तुमच्या भागात ती संस्था आहे ना, मग शासकीय डॉक्टरची जागा रिकामी राहिली तर काय बिघडले, असा सूर निघतो. विम्याच्या योजनांनी हा धोका वाढवला आहे. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची योजना रुग्ण दाखल झाल्यावर उपचाराचा खर्च देते. म्हणजे सार्वजनिक पैसा मिरज, कऱ्हाड, कोल्हापूर येथील खाटांकडे वाहतो. रक्तदाबाची गोळी वेळेवर देऊन अर्धांगवायू टाळणाऱ्या गावातल्या केंद्राला त्यातला पैसाही लाभत नाही. आजार वाढू दिला तर पैसा मिळतो, रोखला तर मिळत नाही, अशी ही उफराटी व्यवस्था आहे.

ज्या स्त्रियांच्या खांद्यावर गावाचे आरोग्य उभे आहे त्यांनाही शासन कर्मचारी मानत नाही. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या. कामागणिक मोबदला, हे त्यांचे वेतनसूत्र. करोनाच्या साथीत घरोघर फिरून त्यांनीच नोंदी केल्या. २०२१ मध्ये, २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये त्यांना संपावर जावे लागले, तेव्हा कोठे मानधनात काही वाढ पदरात पडली. सेवाभावी संस्थांनी या बाबतीत शासनाला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या हजेरीपुस्तकाकडे पाहावे. सेवेच्या नावाखाली अल्प मानधनावर बायकांना राबवणे हे शासनाने केले तर शोषण आणि संस्थेने केले तर त्याग, असा दुहेरी न्याय चालणार नाही.

सेवा लोकांच्या नजरेआड चालली की काय होऊ शकते, हे २०१७ मध्ये याच सांगली जिल्ह्यात दिसले. मिरज तालुक्यातील म्हैसाळला एका खासगी दवाखान्यात गर्भपातानंतर एक स्त्री दगावली आणि त्या तपासात पुरलेली १९ भ्रूणे सापडली. ज्या गावाच्या नावाने दुष्काळी भागाला पाणी चढले, त्याच गावात हे घडावे! तो दवाखाना गुप्त नव्हता. लोक त्याच्या दारावरून जात-येत होते. आतला व्यवहार मात्र कोणाच्याही नजरेच्या टप्प्यात नव्हता. लोकांची देखरेख नसलेला दवाखाना, मग तो नफ्याचा असो, धर्मादाय असो की शासकीय, अखेर दुर्बलांवरच उलटतो.

म्हणून आरोग्य केंद्र काढू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांनी काही पथ्ये आधीच स्वीकारली पाहिजेत. केंद्राचे नियंत्रक मंडळ विश्वस्तांच्या घरातून न येता ग्रामसभांतून यावे. त्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात, भूमिहीनांना आणि दलितांना निश्चित जागा असाव्यात, आणि कारखान्याचा संचालक किंवा जिल्हा परिषदेचा सदस्य पदसिद्ध म्हणून त्यात नसावा. जमाखर्च धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत वर्षातून एकदा दाखल करून भागणार नाही. तो दरमहा चावडीच्या भिंतीवर लागला पाहिजे, औषध केवढ्याला घेतले आणि केवढ्याला दिले यासकट. आरोग्यसेविका ही केंद्राची कर्मचारी मानली जावी आणि तिच्या वेतनाची तरतूद डॉक्टरच्या मानधनाआधी व्हावी. गावाच्या आरोग्य समितीला दरवर्षी मिळणारा अनिर्बंध निधी कोठे खर्च झाला, याचा जाब त्याच ग्रामसभेत विचारला जावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य एका नोंदवहीचे आहे. शासकीय उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात जी सेवा मिळायला हवी होती आणि मिळाली नाही म्हणून जो रुग्ण या केंद्रात आला, त्याची स्वतंत्र नोंद ठेवावी: कोणती तारीख, कोणते गाव, कुलूप होते की डॉक्टर नव्हता की लस संपली होती. ही वही रुग्णाचे नाव झाकून दरमहा ग्रामसभेत वाचली जावी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवली जावी. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. जनसुनावणीत गावकऱ्यांनी डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारले आणि बंद उपकेंद्रे उघडली गेली. सेवाभावी केंद्राने आपली वही त्या कामी लावली तर ते शासनाची ढाल होणार नाही, लोकांची आघाडी होईल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनाचा आहे. पोटात दुखणाऱ्या माणसाला ग्रामसभा नको असते, औषध हवे असते. एवढी पथ्ये पाळत बसले तर दवाखाना निघणारच नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. रात्री अडलेल्या बाईसाठी चालू अवस्थेतली जीप आणि जागी असलेली परिचारिका हीच पहिली गरज आहे. परंतु त्या जीपला दहाव्या वर्षी इंधन कोण घालणार, हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारावा लागतो. तो न विचारल्यामुळे देणगीदाराचा उत्साह ओसरताच बंद पडलेल्या दवाखान्यांच्या इमारती महाराष्ट्रभर उभ्या आहेत. ज्यांनी घाई केली त्यांनी रुग्णांना अधिक वेगाने सेवा दिली असे नाही; त्यांनी रुग्णांना एकदा आशा दाखवली आणि मग वाऱ्यावर सोडले.

डॉ. राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्याला मतपेटी, फावडे आणि तुरुंग या तीन खुणा दिल्या होत्या. दवाखाना काढणे हे फावड्याचे काम आहे, आणि फावडे एकटे पडले की त्याचे समाजसेवेच्या शोभेच्या वस्तूत रूपांतर होते. केंद्राची वही ग्रामसभेत वाचली जाते तेव्हा ते मतपेटीशी जोडले जाते. रिकाम्या पदासाठी तालुक्याच्या कचेरीसमोर धरणे धरले जाते तेव्हा संघर्षाशी. आटपाडीच्या शेतकऱ्यांनी पाण्यासाठी हीच वाट धरली होती. त्यांनी आधी वाट्याचे तत्त्व मांडले, मग वर्षानुवर्षे परिषदा आणि मोर्चे केले, आणि पाणी चढले. जत, आटपाडी, माण आणि खटाव येथील प्रत्येक उपकेंद्रात परिचारिका आहे का, औषध आहे का, कुलूप आहे का, याची गावनिहाय यादी कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेपूर्वी तयार करावी. नवा दवाखाना काढायचा की जुना उघडायचा, हा निर्णय त्या यादीनंतर घ्यावा आणि तो गावाने घ्यावा.